आवाज कुणाचा? मर्सिडीज मॅकॅम्ब्रिजची गोष्ट

कानसेन | रविवार, रात्री ११.४२

पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात ‘अरे आवाऽऽज कुणाचा’ अशी आरोळी उठते. उत्तर ठरलेलं असतं, आपापल्या कॉलेजचं नाव. २६ डिसेंबर १९७३ ला अमेरिकेत ‘द एक्झॉर्सिस्ट’ लागला, तेव्हा थिएटरबाहेर पडणाऱ्यांच्या मनातही हाच प्रश्न असणार. त्याचं उत्तर मात्र पडद्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

सिनेमा बहुतेकांनी पाहिला असेल, निदान उशीत तोंड खुपसून ऐकला तरी असेल. सैतानाने झपाटलेली बारा वर्षांची पोर खाटेला बांधलेली आणि तिच्या तोंडून तो घोगरा, खरवडल्यासारखा आवाज. बाईचा की बुवाचा, माणसाचा की आणखी कशाचा, काही कळू नये असा. चेहरा लिंडा ब्लेअरचा. आवाज एका सत्तावन्न वर्षांच्या बाईचा, आणि ही बाई काही नवखी नव्हे. चोवीस वर्षांपूर्वीच्या आपल्या पहिल्याच सिनेमासाठी ऑस्कर मिळवलेली. तिचं नाव मर्सिडीज मॅकॅम्ब्रिज.

मी तिच्यापर्यंत उलट्या रस्त्याने पोचलो. भुताच्या सिनेमांचा मला शौक नाही. लहानपणी आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकत मोठा झालो, त्या नादात अमेरिकेतली जुनी नभोनाट्यं ऐकायला लागलो. एका भागात एक बाई असं काही बोलली की मी दिवा लावून बसलो. नाव शोधलं तर हीच.

जन्म मार्च १९१६, इलिनॉयमधलं जोलिएट, आयरिश कॅथलिक घर. शिक्षण शिकागोच्या मंडलाइन कॉलेजात. ते जोगिणींनी चालवलेलं, फक्त मुलींचं कॉलेज. तिथे मुलींचं एक पथक होतं, कविता एका सुरात म्हणणारं. म्हणजे गाणं नाही आणि नुसतं वाचनही नाही. कुठला शब्द सगळ्यांनी उचलायचा आणि कुठला एकटीने, श्वास कुठे घ्यायचा, हे सगळं बसवलेलं. एनबीसी रेडिओवाल्यांनी ते ऐकलं आणि या मुलीला शिकतानाच करारावर घेतलं. त्या वेळी शिकागो म्हणजे रेडिओमालिकांचं माहेरघर. दिवसा घरगुती रडारड, मध्यरात्री भुतंखेतं.

या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. सगळं थेट प्रक्षेपण, रिटेक नाही. कागद हातात, पण त्याची सळसळ माइकला ऐकू जाता कामा नये, म्हणून वाचून झालेलं पान अलगद सोडून द्यायचं. ते तरंगत खाली गालिच्यावर पडायचं. कुजबुजायचं असेल तर माइकला ओठ भिडवायचे, किंकाळी फोडायची तर दोन पावलं मागे सरून मान वळवायची. पलीकडे आवाजांचा माणूस सुऱ्याने कोबीचा गड्डा कापतोय, म्हणजे कुणाचं तरी मुंडकं उडालं. तव्यावर मांस चरचरलं, म्हणजे विजेच्या खुर्चीवर एकजण गेला. पुष्कळ कार्यक्रम पूर्व किनाऱ्यासाठी एकदा आणि तीन तासांनी पश्चिमेसाठी पुन्हा करायचे. तेच रडणं, तीच किंकाळी, त्याच ताकदीने. ‘लाइट्स आउट’, ‘इनर सँक्टम’, ‘आय लव्ह अ मिस्टरी’ या सगळ्यांत ती होती. ‘बिग सिस्टर’ या दिवसाच्या मालिकेत तर थोरली बहीणच. ऑर्सन वेल्सने तिला हयात असलेली जगातली सर्वश्रेष्ठ रेडिओ अभिनेत्री म्हटलं होतं, आणि वेल्स स्वतः रेडिओतला बाप माणूस.

सिनेमा तिला उशिरा मिळाला, पण मिळाला तो थेट ‘ऑल द किंग्ज मेन’ (१९४९). लुइझियाना राज्यातल्या ह्युई लाँग या खऱ्या राजकारण्यावर बेतलेल्या पुढाऱ्याची गोष्ट. त्यात ती त्याची सगळी भानगड जाणणारी, त्याच्यावर जीव लावून बसलेली, तोंडाळ मदतनीस सेडी बर्क. ही भूमिका तिला कशी मिळाली याचा किस्सा असा सांगतात: निवडीसाठी बायकांची ही रांग, तासन्‌तास ताटकळत ठेवलेली. हिचं डोकं फिरलं, आत जाऊन सगळ्यांना फैलावर घेतलं आणि तरातरा निघाली. त्यांनी हाक मारून परत बोलावलं. त्यांना सेडी सापडली होती.

त्यानंतर ‘जॉनी गिटार’ (१९५४) आणि ‘जायंट’ (१९५६). ‘जायंट’मध्ये ती रॉक हडसनची थोरली बहीण. सिनेमात लवकरच मरते, पण मरताना जेम्स डीनच्या नावे जो जमिनीचा तुकडा ठेवते त्यात पुढे तेल लागतं आणि सगळी गोष्ट फिरते. त्यासाठी पुन्हा ऑस्करचं नामांकन, या खेपेला मिळालं नाही.

आता मूळ मुद्दा. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन शिकागोचाच, १९३५ चा जन्म, म्हणजे रेडिओवर वाढलेली पिढी. लिंडा ब्लेअरच्या कोवळ्या आवाजात सैतान उभा राहीना. पुरुषाचा आवाज लावला असता तर तो उसना वाटला असता. तेव्हा त्याला आठवली रेडिओतली ही बाई. तिने काय केलं ते वाचून मी थक्क झालो. तिला जुनाट ब्राँकायटिस होता, श्वास घेताना छातीत घरघर व्हायची. ज्या दुखण्याने आयुष्यभर छळलं तेच तिने माइकसमोर ठेवलं. कच्ची अंडी गिळली, सिगारेटी ओढल्या, गळ्याभोवती स्कार्फ आवळून घेतला. पोर बांधलेली आहे, तर आवाजही बांधलेल्या माणसाचा यायला हवा म्हणून स्वतःला चादरीच्या पट्ट्यांनी खुर्चीला बांधून घेतलं. आणि व्हिस्की प्यायली. ही बाई दारू सोडलेली होती. त्यासाठी काय यातना काढल्या होत्या ते ती जाहीरपणे सांगत असे. श्रद्धाळू कॅथलिक, तेव्हा तोंडून काय बोलायचंय याचं ओझं वेगळंच. ध्वनिमुद्रणाच्या वेळी तिने पाद्री सोबत बसवून घेतले होते.

शेवटी सैतान निघून जातो तिथला विव्हळ तिने आयर्लंडमध्ये ऐकला होता. मयताच्या घरी बायका हेल काढून रडतात, तो.

एवढं सगळं करून सिनेमा पाहायला गेली, शेवटची नामावली संपली, आणि तिचं नाव नाही. रडत बाहेर पडली. मग कलाकारांच्या संघटनेकडे तक्रार, वर्तमानपत्रांत बोभाटा, आणि नंतरच्या प्रिंटांवर नाव आलं.

मला स्वतःला वाटतं की सैतानाचा आवाज ही तिच्या कारकिर्दीतली अचाट गोष्ट असली तरी एकटी पडलेली नाही. मंडलाइनच्या त्या पथकापासून सरळ रेघ तिथवर येते. तुम्ही काय म्हणता?

---

भरली_वांगी | रात्री ११.५८

मी शीर्षक वाचून गाडीचा धागा समजून आलो. इंजिनाचा आवाज वगैरे.
पण आलो ते बरं झालं. आता झोप येणार नाही, त्याची भरपाई कोण देणार?

---

पार्श्वभूमी | सोमवार, सकाळी ९.१५

कानसेन, दंडवत. मी मुंबईत डबिंग करते, सतरा वर्षं झाली. त्यामुळे थोडं आतलं लिहिते.

घोगरा, ओरबाडलेला आवाज काढणं कठीण नाही. कठीण आहे तो *टिकवणं*. आमच्याकडे मारामारी, किंकाळ्या, खोकला, धापा यांना एफर्ट्स म्हणतात आणि ते दिवसाच्या शेवटी ठेवतात, कारण एकदा ते झाले की घसा गेला. मग सरळ संवाद म्हणता येत नाहीत. मी एका कार्टूनमध्ये चेटकीण होते. दोन तासांचं काम झालं की घरी कुणाशी बोलायचे नाही, पाटीवर लिहून भाजी मागायचे. ज्येष्ठमधाची काडी पर्समध्ये कायम.

आता या बाईंचं बघा. तिचा आवाज एका पट्टीत नाही. एका वाक्यात गुरगुर, मध्येच एखादा शब्द अगदी साफ, सभ्य, आणि पुढच्या शब्दाला खालून कफ उचलल्यासारखा. शिवाय दुसऱ्याच्या ओठांवर. ती पोर चित्रीकरणात आपल्या वेगाने बोलून गेलेली, तिच्या ओठांच्या उघडझापीत हे सगळं बसवायचंय. ओठ मिटले की आवाज तुटला पाहिजे. भावना शंभर टक्के आणि डोळा पडद्यावर. आम्ही हे शिकायला वर्षं घालवली. तिने आयुष्यभर थेट रेडिओ केला होता, तिला दुसऱ्याच्या तोंडाचं बंधन कधीच नव्हतं. म्हणून मला तिचं काम दुप्पट वाटतं.

नावाचं म्हणाल तर तुमच्या लेखातलं ते रडणं मला समजलं. माझं एक मोठं पात्र होतं, शंभरावर भाग. शेवटी नावं धावत जायची, त्यांत भाषांतर करणाऱ्या कचेरीचं नाव, आमच्यापैकी एकाचंही नाही. भाचा शाळेत सांगायचा, ‘ती माझी मावशी आहे.’ पोरं म्हणायची, थापा मारतो.

---

उलटतपासणी | सकाळी १०.४०

लेख छान, पण एकाच बाजूचा. फ्रीडकिनचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्या सांगण्यानुसार आपलं नाव नको असं आधी बाईंनीच म्हटलं होतं, त्या मुलीच्या अभिनयावरचं लक्ष उडू नये म्हणून. सिनेमा गाजल्यावर त्यांचं मत बदललं. बाईंच्या म्हणण्यानुसार नावाचं वचन दिलं होतं आणि ते मोडलं. दोघांच्या बोलण्यात मेळ नाही. आपण रडणाऱ्याच्या बाजूने चटकन उभे राहतो, एवढंच सुचवतोय.

दुसरं. या बोभाट्यात नुकसान कुणाचं झालं? लिंडा ब्लेअरला ऑस्करचं नामांकन होतं. आवाज तिचा नाही हे जगजाहीर झालं आणि बक्षीस ‘पेपर मून’च्या टेटम ओनीलला गेलं. ओनील दहा वर्षांची, कामही उत्तम, त्यामुळे तिलाच मिळालंही असतं. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला ‘निम्मं काम दुसरीचं’ हे जन्मभर ऐकावं लागलं. तिने तो मेकअप, थंडगार खोलीतलं चित्रीकरण, पट्ट्यांचे हिसके सोसले होते. पाठीला दुखापत झाली होती.

---

कानसेन | सकाळी ११.०५

उलटतपासणी, मान्य. दोन्ही बाजू मूळ लेखात द्यायला हव्या होत्या. तरीही एक गोष्ट खटकते. वाद कुणाच्या शब्दाचा होता हे सोडा. स्टुडिओने नामावली छापली तेव्हा त्यांना ठाऊक होतं की हा आवाज कुणाचा आहे. आणि गंमत बघा, त्या सिनेमाला दहा नामांकनं होती, ऑस्कर मिळाली दोन. एक पटकथेचं, दुसरं *ध्वनीचं*. अर्थात ते ध्वनिमुद्रण करणाऱ्यांचं बक्षीस, त्यांचा हक्कच होता. पण ज्या आवाजाने लोक खुर्चीत आक्रसून बसले त्याच्या मालकिणीने ही बातमी ऐकली तेव्हा तिला काय वाटलं असेल?

लिंडाबद्दलचं पटलं.

---

तबकडी | दुपारी १.२०

इथे एक आठवण काढतो. ‘महल’ही १९४९ चाच, म्हणजे ज्या वर्षी या बाईंचा पहिला सिनेमा आला त्याच वर्षीचा. ‘आयेगा आनेवाला’ची पहिली तबकडी निघाली तिच्यावर गायिका म्हणून काय छापलं होतं? ‘कामिनी’. म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव! श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा सुरू केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. पुढे आपल्याकडे पार्श्वगायक चेहऱ्याएवढेच मोठे झाले. हॉलिवूडमध्ये तसं झालं नाही. मार्नी निक्सनने ‘द किंग अँड आय’, ‘वेस्ट साइड स्टोरी’, ‘माय फेअर लेडी’ या तिन्हींत नायिकांचं गाणं गायलं, नाव एकातही नाही. दुसऱ्याच्या तोंडी आवाज द्यायचा ही गोष्ट आपल्याला इतकी अंगवळणी पडलीय की त्यात लपवण्यासारखं काय आहे हेच समजत नाही.

---

तबकडी | दुपारी १.२१

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा पडला.

---

वाऱ्याचं_गाव | दुपारी ४.३० (इथे पहाट)

मी शिकागोच्या पश्चिमेला राहतो, जोलिएट गाडीने अर्ध्या तासावर. धागा वाचून शनिवारी मंडलाइनला चक्कर मारायचं ठरवलंय, पण इमारत आधीही पाहिलेली आहे. शेरिडन रोडवर, मिशिगन तळ्याच्या अगदी काठाला, चौदा-पंधरा मजली राखाडी दगडाची. दारात दोन्ही बाजूंना दोन प्रचंड दगडी देवदूत उभे आहेत, मजला-दोन मजले उंच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते देवदूत कमी आणि पहारेकरी जास्त वाटले. कॉलेज आता स्वतंत्र नाही, १९९१ मध्ये शेजारच्या लोयोला विद्यापीठात विलीन झालं.

एनबीसीचे जुने स्टुडिओ मर्चंडाइज मार्टमध्ये होते, एकोणिसाव्या मजल्यावर. ती इमारत नदीकाठी अजून तशीच धिप्पाड. खाली आता फर्निचरची दालनं आणि कचेऱ्या. मी दोन वर्षं तिच्या खालून रोज ट्रेन पकडायचो. वर एका मजल्यावर पोरीसोरी माइकसमोर मुडदे पाडत होत्या याचा पत्ता नव्हता.

भरली_वांगी यांना: भरपाई म्हणून ‘लाइट्स आउट’ ऐका.

---

तिसरी_घंटा | सायंकाळी ६.१०

रंगभूमी राहिली की! कानसेन, तुम्ही रेडिओच्या प्रेमात आहात म्हणून माफ.

१९४५-४६ मधली तिची न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवरची सुरुवातीची नाटकं फार चालली नाहीत. पण १९६४ मध्ये ‘हू इज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ’मध्ये ती उटा हेगनच्या जागी मार्था म्हणून उभी राहिली. ज्यांनी ते नाटक वाचलंय त्यांना कळेल. तीन तासांहून मोठं. मार्था रात्रभर पीत असते, ओरडते, हसते, नवऱ्याला सोलून काढते आणि शेवटच्या अंकात पार विरघळते. आवाज सांभाळून वापरला नाही तर दुसऱ्या अंकात घसा बसणार. आणि हेगनने गाजवलेली भूमिका घ्यायची म्हणजे प्रेक्षक कानात आधीचा आवाज घेऊनच आलेला असतो. आपल्याकडे ‘रिप्लेसमेंट’ला उभ्या राहिलेल्या कुठल्याही नटाला विचारा.

१९७२ मध्ये ‘द लव्ह सुइसाइड ॲट स्कोफील्ड बॅरॅक्स’साठी टोनीचं, म्हणजे ब्रॉडवेच्या नाटकांसाठीच्या पुरस्काराचं, नामांकन. नाटक चार-पाच दिवसांत गुंडाळलं गेलं! म्हणजे ज्यांनी पाहिलं ते मूठभर, तरी नाव निघालं. आणि शेवटी, पंचाहत्तरी उलटल्यावर, नील सायमनच्या ‘लॉस्ट इन याँकर्स’मधली कर्नित्झ आजी. ती मूळ आयरीन वर्थची भूमिका. ब्रॉडवेवर केली आणि दौराही केला. या वयात बसगाडीचा प्रवास आणि नवं गाव, नवं थिएटर. ही आजी जर्मन ढंगात, तुटक बोलते, काठी आपटते, नातवंडं चळाचळा कापतात. सैतानानंतर तिला घाबरवण्यासाठी ओरडायची गरज उरली नसावी.

वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ या सिनेमाचं पण कुणी लिहिलं नाही? वेल्सने तिला सहज सेटवर बोलावलं, केस कापले, काळं फासलं, चामड्याचं जाकीट चढवलं आणि गुंडांच्या टोळीत उभं केलं. नायिका जॅनेट लीच्या खोलीत टोळी शिरते. पोरींना बाहेर काढतात, तर ही म्हणते, मी थांबते, मला बघायचंय. एवढंच. पण तो एवढासा तुकडा ऐकून अंगावर काटा येतो, आणि ते सगळं आवाजाचं काम आहे, चेहरा धड दिसतही नाही.

---

पार्श्वभूमी | सायंकाळी ७.००

तिसरी_घंटा, +१. ‘कानात आधीचा आवाज घेऊन आलेला प्रेक्षक’ हे वाक्य चोरतेय.

---

साधी_राहणी | रात्री ८.३५

व्हिस्कीचा उल्लेख आला म्हणून. माझ्या घरात हा आजार होता, त्यामुळे तो भाग मला वेगळा लागला. १९६९ मध्ये ती सिनेटच्या उपसमितीपुढे जाऊन बसली आणि आपण दारूड्या आहोत हे नावानिशी सांगितलं. त्या काळी या गोष्टी घराच्या भिंतींतच राहायच्या, नट्यांच्या बाबतीत तर फारच. हा आजार आहे, त्यावर उपचार होतो, हे तिने तिथे मांडलं. आणि चार वर्षांनी एका आवाजासाठी तोच घोट पुन्हा. लोक हे ‘कलेवरची निष्ठा’ म्हणून सांगतात. मला ते कौतुकाने वाचता येत नाही. दिग्दर्शकाने ग्लास बाजूला ठेवायला हवा होता. स्पष्ट बोलतेय, राग नसावा.

---

कानसेन | रात्री ९.२०

राग कसला, ताई. मी ते वाक्य भारावून लिहिलं होतं, तुमचा प्रतिसाद वाचून परत वाचलं. तुमचं खरं आहे. पुढचं आयुष्यही सोपं गेलं नाही. १९८७ मध्ये तिच्या मुलाने बायको-मुलींना मारून स्वतःला संपवलं, आणि त्यानंतरही तिने कर्नित्झ आजी उभी केली. यापलीकडे त्यावर लिहायला माझी लेखणी चालत नाही. २ मार्च २००४ ला कॅलिफोर्नियातल्या ला होयात ती गेली, वय सत्त्याऐंशी.

ऐकायचं असेल त्यांच्यासाठी: ‘डिफेन्स ॲटर्नी’ ही १९५१-५२ ची मालिका शोधा, त्यात ती वकीलीण. १९५१ मध्ये मुख्य पात्र बाई वकील! आणि सत्तरच्या दशकातलं ‘सीबीएस रेडिओ मिस्टरी थिएटर’. रेडिओ नाटक संपलं असं सगळे म्हणत होते तेव्हा ती पुन्हा त्याच माइकपाशी आली. सैतानानंतरची ही कामं आहेत, आवाज जरा खाली गेलाय, पण शब्द एकही गिळलेला नाही.

---

भरली_वांगी | मंगळवार, रात्री ११.५०

काल वाऱ्याचं_गाव यांचं ऐकून हेडफोन लावून ‘लाइट्स आउट’ ऐकलं. नेमक्या कोबी कापण्याच्या वेळी बायको खोलीत आली. मी जो ओरडलो, खालच्या मजल्यावरच्या काकांनी बेल वाजवली.

आज डब्यात कोबीची भाजी होती. मुद्दाम.